डब्ल्यू म्हणजे कोण?

पाचसाब म्हणून पहिल्या जहाजावर चढलो, तेव्हा मला मिळालेलं पहिलं काम पितळेची एक पाटी पुसायचं होतं. मर्चंट नेव्हीत पाचसाब म्हणजे फिफ्थ इंजिनिअर, म्हणजे इंजिनरूमच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. वर चारसाब, तीनसाब, सेकंड, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बडासाब, चीफ इंजिनिअर. माझ्याकडे चिंध्यांची पिशवी आणि ब्रासोचा डबा देऊन तीनसाब म्हणाला, "कंट्रोल स्टँडवरची पाटी चमकली पाहिजे. बडासाब रोज सकाळी त्यात मिशी बघतात."

पाटीवर तेलाचा असा थर होता की नखानं ओरखडा काढावा लागला. हळूहळू अक्षरं वर आली. मित्सुई, मग एक आडवी रेघ, मग बी अँड डब्ल्यू. खाली मॉडेल : ६एल६७जीएफसीए. त्याखाली टामानो, जपान. अश्वशक्ती, मिनिटाला फेरे, बांधणीचं वर्ष. सहा म्हणजे सिलिंडर किती, सदुसष्ट म्हणजे सिलिंडरचा व्यास किती सेंटीमीटर, एल म्हणजे लांब स्ट्रोकचं, पिस्टनची वरखाली धाव लांब असलेलं. एवढं कॉलेजात घोकलेलं होतं.

बडासाब मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. गृहस्थ कोल्हापूरचे, आवाज इंजिनाच्या वरताण. "नुसती पुसतोयस का वाचतोयस पण?"

"वाचतोय साहेब. मित्सुई, बर्मिस्टर अँड..."

"हां. अँड?"

"वॅगनर, साहेब."

ते इतके हसले की वरच्या जाळीवरून तेलवाला वाकून बघायला लागला. "वॅगनर नव्हे, वेन. नाव मलाही ठाऊक आहे. पण हा वेन कोण होता, ते शोधून काढ. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे तुझं, वेळ भरपूर."

सहा महिन्यांत नाही सापडला. जहाजावर इंटरनेट नावाची चीज नव्हती, होती ती मॅन्युअलं. मॅन्युअलात नट किती बारला ताणायचा हे होतं, पण डब्ल्यूबद्दल अक्षर नव्हतं. मग पुढची बत्तीस वर्षं मी त्या दोन अक्षरांच्या सावलीत काढली आणि प्रश्न तसाच राहिला. माणूस ज्या कंपनीचं मीठ खातो तिचं नावसुद्धा कधी पुरतं वाचत नाही. आणि मी तर त्या कंपनीचं मीठही खाल्लेलं नाही. पगार देणारे दुसरेच होते. मी खाल्ला तो तिच्या इंजिनांचा धूर.

आमच्या पिढीत दोन पंथ होते, सुल्झरवाले आणि बी अँड डब्ल्यूवाले. सुल्झर स्वित्झर्लंडचं. त्यांच्या त्या काळच्या आरएनडी इंजिनांना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसे, जळका वायू लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या, भोकांतूनच बाहेर जाई. आमच्या बी अँड डब्ल्यूला प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हवा खालून शिरणार, वरून निघणार, सरळ रेषेत. सुल्झरवाले म्हणत, "तुमचा व्हॉल्व्ह म्हणजे कायमचं दुखणं." आम्ही म्हणायचो, "तुमच्या सिलिंडरमध्ये हवा गल्ली चुकते." कॅमशाफ्ट, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा दांडा, फिरवायला त्यांच्याकडे गिअर, आमच्याकडे चेन, सायकलसारखीच पण एकेक दुवा तळहाताएवढा. दोन इंजिनिअर बंदरात भेटले की बायकामुलांची चौकशी नंतर, आधी "कुठलं इंजिन?" शेवटी दुनियेनं कौल दिला तो आमच्या व्हॉल्व्हच्या बाजूनं. सुल्झरनंही नव्या इंजिनांत मधोमध व्हॉल्व्ह घेतला. हे लिहिताना मला अजून बरं वाटतं, यावरून पंथ किती कडवा होता ते समजावं.

पिस्टन काढण्याचं काम मात्र कुठल्याच पंथात सोपं नाही. एका बंदरात आम्हाला छत्तीस तास मिळाले होते आणि तीन नंबरचा पिस्टन काढायचा होता. इंजिन थांबवून दोन तास झालेले, तरी इंजिनरूम पंचेचाळीस अंशांवर. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उतरवला, मग हायड्रॉलिक जॅकनं कव्हरचे नट सैल केले, कव्हर क्रेनला लटकलं, आणि मग तो पिस्टन. वर येताना रॉडसकट दोन मजली उंच दिसतो. काळाकुळकुळीत, डोक्यावर कार्बनची साल, चार रिंगांपैकी दोन तुटलेल्या. मोकळ्या झालेल्या लायनरमध्ये शिडी सोडून मी आत उतरलो. सदुसष्ट सेंटीमीटरच्या विहिरीत माणूस मावतो, पण वळताना दोन्ही खांदे भिंतीला घासतात. आत उभं राहून पट्टीवरच्या खुणांप्रमाणे वरपासून खालपर्यंत झीज मोजायची आणि आकडा ओरडून वर सांगायचा. वरून तीनसाब तो वहीत उतरवणार. लायनर बदलायच्या पलीकडे गेलं होतं. कंपनीला तार केली. उत्तर आलं, "आणखी एक फेरी काढा." कंपनीचं नाव नको, कारण त्या काळी सगळ्याच कंपन्या हेच उत्तर देत. आम्ही नव्या रिंगा घालून पिस्टन परत सोडला आणि इंजिनानं ती एक फेरी काढली. मग आणखी दोन काढल्या. कोणी आखलं असेल हे यंत्र, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. आखणाऱ्यानं आमच्यासारख्या मालकांचा हिशेब आधीच धरलेला दिसत होता.

मुलगी नोकरीनिमित्त कोपनहेगनला गेली आणि ह्या गोष्टीला पुढचा अंक मिळाला. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तर बायकोच्या यादीत राजवाडे, जलपरी, फुलांच्या बागा. माझ्या यादीत दोनच जागा : डिझेलहाउस नावाचं संग्रहालय आणि रेफ्सहालेओन नावाचं बेट.

तिथं जाण्याआधी मी अभ्यास केला, परीक्षेला करावा तसा. गोष्ट १८४३ पासून सुरू होते. हान्स हाइनरिख बाउमगार्टन नावाच्या होल्श्टाइनकडच्या कारागिराला कोपनहेगनमध्ये यंत्रांचं वर्कशॉप काढायला डेन्मार्कच्या राजाचा परवाना मिळाला. तीन वर्षांनी कार्ल ख्रिश्चन बुर्माइस्टर हा तरुण त्याचा भागीदार झाला आणि दुकान क्रिस्टियान्सहाव्हनच्या कालव्यांकडे हललं. १८५४ मध्ये त्यांची पहिली आगबोट तरंगली, नाव हेर्मोड. म्हणजे कंपनीचं मूळ नाव बाउमगार्टन अँड बुर्माइस्टर. आमच्या पाटीवर पहिलं अक्षर बी, तेही ज्यानं पाया घातला त्याचं नाही. १८६१ मध्ये बाउमगार्टन निवृत्त झाला, आणि नावातूनही गेला.

मग आमचा वेन. विल्यम वेन, जन्म १८१९, गाव बोल्टन, इंग्लंडमधलं. वाफेच्या यंत्रांतला माणूस. डॅनिश नौदलाच्या गोदीत यंत्रांची जबाबदारी सांभाळत होता, तिथून १८६५ मध्ये बुर्माइस्टरनं त्याला भागीदार करून घेतलं. १८७२ मध्ये टिटगेन या बँकवाल्याच्या पुढाकारानं भागभांडवलाची कंपनी झाली. रेफ्सहालेओनवर जहाजबांधणीचं आवार वाढू लागलं. आणि १८८२ मध्ये वेन वारला.

ही तारीख वाचून मी चष्मा काढून पुसला. रुडॉल्फ डिझेलनं आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १८९२ मध्ये, वेन जाऊन दहा वर्षं झाल्यावर. मी ज्या अक्षरासाठी आयुष्यभर डिझेलचा वास अंगावर वागवला, त्या अक्षराच्या मालकानं डिझेल इंजिन पाहिलेलंच नव्हतं. बुर्माइस्टर थोडा जास्त जगला, १८९८ पर्यंत. कंपनीनं डेन्मार्कसाठी डिझेलचं लायसन घेतलं ते त्याच वर्षी. म्हणजे दोघांचीही हयात गेली कोळशात आणि वाफेत.

वाफेच्या त्या काळातही कंपनी लहान नव्हती. रशियाच्या झारचं श्टांडार्ट हे राजेशाही यॉट इथं बांधलं, ते १८९५ मध्ये पाण्यात उतरलं. झारिना दाग्मार डेन्मार्कचीच राजकन्या, तेव्हा काम माहेरी गेलं असं म्हणायला हरकत नाही. गंमत वाटली ती दुसऱ्याच एका मालाची. याच कारखान्यात दुधातून साय वेगळी करणारी यंत्रंही बनत. डेन्मार्क म्हणजे लोण्याचा देश, गिऱ्हाईक दारातच. आणि जहाजावर आम्ही ज्याला प्युरिफायर म्हणतो, तेलातून पाणी आणि गाळ काढणारं ते गरगर फिरणारं यंत्र, ते तत्त्वानं सायीचंच यंत्र आहे. जड ते बाहेर, हलकं ते आत. चारसाब असताना त्या प्युरिफायरनं माझ्या इतक्या झोपा मोडल्या आहेत की त्याचं मूळ गोठ्यात निघाल्याचं वाचून मला मनापासून समाधान झालं.

डिझेलला कंपनीत आणलं ते इव्हार क्नुडसेन या इंजिनिअरनं. १८९८ चं पहिलं प्रायोगिक इंजिन वीस अश्वशक्तीचं. गिऱ्हाइकाला विकण्याजोगं इंजिन व्हायला १९०४ उजाडलं. सहा वर्षं नुसती खटपट. डिझेलचं तत्त्व दोन ओळींत सांगता येतं : हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, मग त्यात तेल सोडायचं, ठिणगीशिवाय पेटतं. पण तेल सोडायचं कसं? आजच्यासारखे पंप तेव्हा नव्हते. साठ-सत्तर पट दाबलेल्या हवेच्या झोतानं तेल आत फुंकावं लागे, आणि त्यासाठी इंजिनाच्या पोटाशीच एक कॉम्प्रेसर. तो बिघडला की सगळं ठप्प. त्यात जहाजाला मागेही जावं लागतं. कारखान्यातलं इंजिन एकाच दिशेनं फिरलं तरी चालतं, जहाजाचं इंजिन बंदरात शिरताना दहा मिनिटांत दहा वेळा उलटंसुलटं फिरवावं लागतं. क्नुडसेननं हे गणित सोडवलं आणि कंपनीनं बेत मोठा धरला.

बेताचं नाव सेलांडिया. गिऱ्हाईक होतं ईस्ट एशियाटिक कंपनी, डेन्मार्कचीच, सयामशी व्यापार करणारी, आणि तिचा सर्वेसर्वा एच. एन. अँडरसन. लांबी ३७० फूट, दोन इंजिनं, प्रत्येकी आठ सिलिंडर, प्रत्येकी साडेबाराशे अश्वशक्ती. १९१२ च्या फेब्रुवारीत जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघालं. त्याला धुरांडं नव्हतं. तीन डोलकाठ्या होत्या, आणि जळका वायू मागच्या डोलकाठीतूनच वर जाई. आगबोटीच्या जमान्यात धुरांडं नसलेलं जहाज म्हणजे शेंडी नसलेला भटजी. धुरांडं किती आणि केवढं, यावर लोक जहाजाची ताकद जोखत. लंडनच्या गोदीत ते बघायला विन्स्टन चर्चिल गेले होते, तेव्हा ते ब्रिटिश नौदलाचे मंत्री. तेलाचं महत्त्व त्यांच्या डोक्यात घोळत होतंच.

इथं एक शेरा मारतो. सेलांडियाला जगातलं पहिलं डिझेल जहाज म्हणतात ते पुरतं खरं नाही. रशियात व्होल्गा नदीवर १९०३ मध्ये वांडाल नावाची डिझेलची नौका चालत होती, आणि डच लोकांचा व्हल्कॅनस हा टँकर १९१० मध्ये समुद्रावर गेला होता. पण ती लहान होती. सातासमुद्रापार जाऊन वेळापत्रक पाळणारं, माल आणि उतारू दोन्ही नेणारं मोठं जहाज म्हणजे सेलांडिया. डच मित्रांशी यावर वाद घालू नये, ते रात्र जागवतात.

सेलांडिया बँकॉकच्या त्या पहिल्या सफरीवर असतानाच, १९१२ च्या एप्रिलमध्ये, टायटॅनिक बुडालं. हा योगायोग मला फार वेळ सोडेना. टायटॅनिकच्या पोटात २९ बॉयलर होते, दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कोळसा लागे, आणि तो फावड्यानं भट्टीत टाकायला दीडशेहून जास्त माणसं. त्याच महिन्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला एका जहाजावर भट्टीच नव्हती, फावडं नव्हतं. आणि टायटॅनिक बांधणारी बेलफास्टची हारलँड अँड वुल्फ त्याच वर्षी बी अँड डब्ल्यूच्या डिझेलच्या धंद्यात भागीदार झाली.

भट्टीपुढच्या माणसांची गोष्ट आपल्याकडची आहे, म्हणून जरा थांबतो. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकची माणसं पुष्कळदा कोकणातली असत, रत्नागिरीकडच्या मुसलमान वाड्यांतली. सारंग म्हणजे मुकादम, टिंडेल त्याच्या हाताखालचा, मग खलाशी. सलूनमध्ये वाढपी आणि आचारी गोव्याचे. आणि खाली आगवाले, बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे, कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेटचे. आमच्या गावाशेजारच्या मोहल्ल्यात एक म्हातारे सारंग होते. मी मर्चंट नेव्हीत जातो म्हटल्यावर आजोबांनी मला त्यांच्या पाया पडायला नेलं. ते तांबड्या समुद्राबद्दल बोलले. वारा मागून असला की बोटीवर हवा हलत नसे, आणि आगवाल्यांना दोरीनं वर ओढून डेकवर पाणी मारावं लागे. "शुद्धीवर आले की परत खाली," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमचं बरं. तुमचं तेल आपोआप जळतं." आमच्या पंचेचाळीस अंशांबद्दल मी जेव्हा जेव्हा कुरकुर केली, तेव्हा ते वाक्य आठवलं आणि मी गप्प बसलो.

डिझेलनं आगवाल्याला नरकातून सोडवलं आणि त्याची नोकरीही खाल्ली. दोन्ही एकाच फटक्यात.

स्वतः रुडॉल्फ डिझेलचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ड्रेस्डेन नावाच्या बोटीवरून रात्रीत तो नाहीसा झाला. ती बोट वाफेवर चालणारी होती.

डिझेलहाउस कोपनहेगनच्या दक्षिण बंदरात आहे, ओर्स्टेड नावाच्या वीजकेंद्राला लागून. महिन्यातल्या ठरावीक रविवारी तिथलं मोठं इंजिन सुरू करून दाखवतात. मुलीनं तारीख हेरून तिकिटं काढली होती. बायको म्हणाली, "बत्तीस वर्षं इंजिन बघून पोट नाही भरलं?" आणि तीच सगळ्यात पुढे जाऊन उभी राहिली.

हे इंजिन कंपनीनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या विजेसाठी बांधलं. साडेबावीस हजार अश्वशक्ती. आठ सिलिंडर, व्यास ८४ सेंटीमीटर, स्ट्रोक दीड मीटर. लांबी साधारण २४ मीटर, उंची साडेबारा मीटर. जवळजवळ तीस वर्षं जगात याहून मोठं डिझेल इंजिन नव्हतं. मी खाली उभा राहून वर बघितलं आणि आपोआप डोक्यावर हात गेला, हेल्मेट आहे की नाही बघायला. सवय.

इंजिन डबल-अ‍ॅक्टिंग आहे. आमच्या इंजिनांत स्फोट पिस्टनच्या डोक्यावरच होतो. इथं पिस्टनच्या खालीही होतो. वरून धक्का, मग खालून धक्का, एकाच सिलिंडरमधून जवळपास दुप्पट काम. कागदावर मोठी हुशारी. पण खालच्या बाजूच्या स्फोटातून पिस्टनचा रॉड आरपार जायला हवा आणि त्या रॉडच्या भोवतीनं वायू निसटता कामा नये. तिथं गळती रोखणारी जी पेटी बसवतात, स्टफिंग बॉक्स, तिची दुरुस्ती करणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसणार. मी सहा सिलिंडरचे साधे स्टफिंग बॉक्स काढताना शिव्या दिल्या आहेत. हे प्रकरण मागे का पडलं ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ठरल्या वेळी माझ्याच वयाचा एक निळ्या डगल्यातला गृहस्थ चाकाशी उभा राहिला. आधी दाबलेल्या हवेचा फूत्कार आला. तो आवाज ऐकला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण तो आवाज बत्तीस वर्षं मी प्रत्येक बंदरातून निघताना ऐकला आहे. मग एक संथ, जाड धक्का. मग दुसरा. मग तेल पेटलं आणि पायांखालची फरशी बोलायला लागली. पोरं कानांवर हात ठेवून हसत होती. बायको माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "एवढ्या आवाजात तू झोपायचास?" मी म्हटलं, आवाज थांबला की जाग यायची.

इंजिन थांबल्यावर त्या गृहस्थाला मी गाठलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचं जमलं, कारण निम्मे शब्द सुट्या भागांचे होते. ६एल६७जीएफ म्हटल्यावर त्यानं माझा हात धरला तो सोडेचना. शेवटी मी विचारलं, डब्ल्यू म्हणजे कोण? त्याच्याकडून ऐकायचं होतं. तो म्हणाला, "इंग्रज होता. वाफेवाला." आणि खांदे उडवले. एवढंच. ज्यांच्या घरची पाटी, त्यांच्याकडेही वेनबद्दल दोन शब्दच निघाले.

त्याला जास्त उत्साह होता तो लढाईच्या गोष्टींचा. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होतं आणि कारखाना जर्मन नौदलाच्या कामाला जुंपलेला, म्हणून १९४३ च्या जानेवारीत ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानांनी दिवसाढवळ्या, अगदी छपरांना घासत येऊन त्यावर बॉम्ब टाकले. शेजारचा साखर कारखानाही त्यात जळाला. पण खरी मजा पुढच्या वर्षीची. १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी शहरात संचारबंदी लावली, रात्री आठ ते पहाटे पाच. डेन्मार्कमध्ये जून म्हणजे रात्री दहालाही उजेड. दुसऱ्या दिवशी बी अँड डब्ल्यूच्या गोदीतले सुमारे बाराशे कामगार दुपारीच हत्यारं ठेवून घरी निघाले. जर्मन प्रतिनिधी वेर्नर बेस्टला त्यांनी कळवलं की हा संप नाही. आमच्या शहराबाहेर भाजीपाल्याच्या बागा आहेत, संध्याकाळी आठला घरात बसायचं तर बागेला पाणी घालायला दुपारीच जायला हवं.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. साहेब, संप नाही हो, जरा तब्येत बरी नाही. ते बागेचं पत्र शहरभर पसरलं, बाकीचे कारखानेही रिकामे झाले, आणि आठवड्याभरात कोपनहेगन बंद पडलं. जर्मनांनी पाणी, वीज, गॅस तोडला, रस्त्यांवर गोळ्या घातल्या, शंभराच्या आसपास माणसं मेली. तरी शेवटी संचारबंदी सैल करावी लागली.

लढाईनंतरच्या भरभराटीबद्दल मी फार लिहिणार नाही, सगळ्या कंपन्यांची तेव्हा भरभराटच होती. एकच नोंद : १९५२ मध्ये डॉर्थे मेर्स्क या जहाजावर बी अँड डब्ल्यूचं टर्बोचार्जर लावलेलं टू-स्ट्रोक इंजिन आलं, जहाजांवर तशा जातीचं पहिलं. वाया जाणाऱ्या धुराकडूनच हवा भरून घ्यायची, तेवढ्याच सिलिंडरमधून कितीतरी जास्त ताकद. पुढे माझ्या आयुष्यातली निम्मी वंगणाची डबडी त्या टर्बोचार्जरनंच रिकामी केली.

पण हुशारी होती ती कागदाच्या धंद्यात. कोपनहेगनमध्ये नकाशे काढायचे आणि इंजिन बांधू द्यायचं दुसऱ्यांना, प्रत्येक अश्वशक्तीमागे आपला वाटा घ्यायचा. मित्सुईनं हे लायसन १९२६ मध्येच घेतलं. स्कॉटलंड, पोलंड, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत रशिया, नंतर कोरिया, मग चीन. जिथं लोखंड स्वस्त आणि मजूर तयार तिथं इंजिन ओतलं जाई, रेघ मात्र डेन्मार्कची. माझी ती टामानोची पाटी अशी जन्मली. तिला हात लावणाऱ्यांपैकी कुणी रेफ्सहालेओन पाहिलं असेल असं वाटत नाही.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, जहाजांच्या मागण्या आटल्या, जपानी आणि कोरियन गोद्यांनी किमती पाडल्या. त्यात मधल्या काळात मालकी फुलांच्या धंद्यातून आलेल्या एका उद्योजकाकडे गेली होती, त्यावर कोपनहेगनचे लोक अजून मान हलवतात. १९८० मध्ये इंजिनांचा विभाग जर्मनीच्या मॅन कंपनीनं विकत घेतला. गोदी वेगळी पडली, मोडली, पुन्हा उभी राहिली, पनामा कालव्याच्या मापाची, सुटा माल नेणारी बल्क कॅरिअर जहाजं एकामागून एक काढत राहिली. चांगली जहाजं होती ती, एकावर मी दोन कॉन्ट्रॅक्टं केली आहेत. होल्डच्या शिडीपासून स्टोअरच्या कडीपर्यंत प्रत्येक गोष्ट हाताला लागेल तिथं होती. १९९६ मध्ये गोदी कायमची बंद झाली. कधीकाळी तिथं हजारो माणसं कामाला होती.

रेफ्सहालेओनला आम्ही पाण्यावरच्या बसनं गेलो. धक्क्यावर उतरलं की समोर खाण्याच्या गाड्यांचा बाजार, कंटेनरमध्ये थाटलेली दुकानं, बिअरचे ग्लास, समुद्राकडे तोंड करून बसलेली पोरंपोरी. मागे ती शेड. जहाजाचे तुकडे जोडायची शेड, तिच्या दारातून आमच्या तीन मजली चाळी एकावर एक ठेवून गेल्या असत्या. २०१४ ची युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा याच शेडमध्ये झाली. आता या आवारात कुठं चित्रांचं प्रदर्शन, कुठं भिंती चढायचा क्लब. क्लबची पाटी बघून मुलगी थांबली. "बाबा, हे बघ." नाव होतं ब्लॉक्स अँड वॉल्स. खाली मोठ्या अक्षरांत बी, अँड, डब्ल्यू.

"तुझा डब्ल्यू," ती म्हणाली. "वॉल."

आत शिरलो. पूर्वी जिथं प्लेटी वेल्ड होत असतील तिथं एक आठेक वर्षांची पोरगी कमरेला दोर बांधून रंगीत खुंट्यांवरून वर चढत होती. वर छताला जुनी क्रेनची रुळं तशीच होती. मी ती रुळं बघत बसलो, बायको पोरीला बघत बसली. जमिनीवर एका कोपऱ्यात तेलाचा जुना डाग होता, काँक्रीटमध्ये मुरलेला. बुटानं घासून बघितला, जात नव्हता. हेवी ऑइल जात नाही.

२०२५ च्या जूनमध्ये इंजिनांच्या या मॅन कंपनीनं स्वतःचं नाव बदललं. आता एव्हरलेन्स. हे नाव कुणाचं आडनाव नाही, बैठकीत बसून जुळवलेलं असावं. मोठी जर्मन कंपनी, विकत घेणारी, तिचंच नाव गेलं. इंजिनांना मात्र एव्हरलेन्स बी अँड डब्ल्यू म्हणतात. बाउमगार्टन गेला, मॅन गेली, वेन आहे.

माझा भाचा सध्या एका कंटेनर जहाजावर चारसाब आहे. त्याच्याकडे मिथेनॉलवर चालणारं इंजिन आहे, कोरियात बांधलेलं. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, लॉरा मेर्स्क, २०२३ मध्ये आलं, त्यातही याच घराण्याचं इंजिन. मिथेनॉल जळताना काजळी फारशी धरत नाही, पिस्टनची डोकी म्हणे स्वच्छ निघतात. मला ते पटायला थोडे दिवस लागतील. त्याला मी म्हटलं, कंट्रोल रूमच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनाची पाटी असेल, तिचा फोटो पाठव. दोन दिवसांनी सुएझजवळ सिग्नल मिळाल्यावर पाठवला. ह्युंदाई, आडवी रेघ, मॅन बी अँड डब्ल्यू. खाली मॉडेल, सहा, पन्नास, बाकीची अक्षरं माझ्यानंतरच्या काळातली. कोपऱ्यावर तेलाचा हात लागलेला दिसत होता.

मी त्याला लिहिलं, "पुसून घे रे ती. आणि डब्ल्यू म्हणजे कोण ते सांग."

रात्री उत्तर आलं. "मामा, पाटी स्टीलची आहे, पुसावी लागत नाही. डब्ल्यू म्हणजे वॅगनर ना?"